सीडरची दोरी

कॅनडातल्या बर्नाबीत नवी होते तेव्हा मी एका देवाच्या घराला कात्री लावली. बिल्डिंगमागच्या सीडरच्या उंच झाडाला भाताच्या पेंढ्याची जाड दोरी बांधलेली होती, तिला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. मला वाटलं, कुणाच्या तरी पार्टीचा कचरा. कापली आणि गार्बेजमध्ये टाकली. माहेरी वडाला सूत गुंडाळणारी मी, एवढी शहाणी!

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर धुक्यातून तळमजल्यावरचे जपानी आजोबा आले. उघडं खोड पाहून क्षणभर थांबले. मग रोजची सवय असावी तसे दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकले. टाळ्या अगदी हलक्या, झोपलेल्या बाळाला जागं करावं तशा. झाडाचा शेंडा धुक्यात कुठे संपत होता, दिसतच नव्हतं.

मी खाली धावले आणि सगळं कबूल केलं. ती दोरी त्यांनी स्वतः वळली होती, आठवडाभर बसून. मी घाबरत विचारलं, "देव गेला का हो?"

त्यांनी ओल्या सालीवर तळहात टेकवला.

"देवळं नव्हती तेव्हापासून आमचे देव झाडांत राहतात, मॅडम. दोरी माणसांना कळावं म्हणून असते. तुम्हाला आता कळलंय, तर नवी वळायला बसा."