बदलून मिळणारी नोट

"नोट हाय गड्या ती. नोट म्हणल्यावर बदलून मिळतीच."

केबिनबाहेरच्या बाकड्यावर बसलेले सुभेदार शेजारच्या माणसाला सांगत होते. मी आत, अर्धवट उघड्या दाराशी, प्रिंटरमधून आलेले कागद सरळ करत उभी होते.

"आवं पर मागं हजाराच्या नोटा बदलताना काय हाल झालं हुतं, इसरला काय?" शेजारचा म्हणाला. "उनात रांग. त्यात पुढचा म्हातारा चक्कर यिऊन पडला."

"ती सरकारची हुती. ही कंपनीची हाय. हितं रांग हाय का बघ बरं."

"न्हाई ब्वा. बाकडं हाय, पंखा हाय. कंपनी लय भारी."

दोघंही हसले. माझ्या हातातल्या कागदावर शीर्षक होतं, 'नोट बदलण्यास संमतीपत्र'. ते मराठीत होतं. मी इंग्रजीवरून केलेल्या मराठी मसुद्यात 'नोटेचे समभागांत रूपांतर' असे शब्द होते. सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, पेनाने ते खोडून वर हे सोपं शीर्षक लिहिलं होतं. "रूपांतर वगैरे कोणाला कळतंय," असं म्हणाले होते.

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी द्राक्षबागेत औषध मारायची यंत्रं बनवायची, बॅटरीवर चालणारी. गिऱ्हाईक सगळं सांगलीकडचं. आता त्या गेटवर बँकेची नोटीस चिकटवलेली आहे आणि आत गवत वाढलं आहे. तेव्हा मात्र दोन शेड चालू होत्या, आणि मी हिशेब विभागात होते. शाळा-कॉलेज इंग्रजीतून झाल्यामुळे बँकेची पत्रं, करारनामे हे सगळं माझ्याकडे आपोआप आलं. मी फार बोलत नाही, हेही सरांना सोयीचं वाटत असावं.

कंपनीचं सगळं सीसीवर चालायचं. सीसी म्हणजे बँकेने ठरवून दिलेली उचल. शेडमधला माल, मशिनरी आणि गिऱ्हाइकांकडून येणारे पैसे तारण ठेवायचे, त्या बदल्यात मर्यादेपर्यंत पैसे उचलायचे, विक्रीचे आले की भरायचे, पुन्हा उचलायचे. ऑफिसात त्याला 'सीसी फिरवणं' म्हणत. फिरत आहे तोवर कोणी काही विचारत नाही. पण पहिल्याच हंगामात यंत्रांच्या बॅटऱ्या उन्हाने फुगायला लागल्या. तासगावकडून, कवठ्याकडून टेम्पो भरून यंत्रं परत यायची. मागच्या शेडमध्ये ती नव्या खोक्यांत घालून रचली जायची आणि बँकेला कळवायच्या मालात धरली जायची. पगार झाला की सीसी काठोकाठ. महिनाअखेरीस सर कुठून तरी पैसे आणून भरायचे आणि चार दिवसांनी तेच काढून परत करायचे. "तुंबली की वास येतो," ते म्हणायचे. ते लबाड होते असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. स्वतःचा राहता फ्लॅटही त्यांनी बँकेकडे गहाण टाकला होता. डब्यात बहुतेक वेळा नुसती भाकरी आणि चटणी असायची, आणि खाताना त्यांचं लक्ष फोनकडे असायचं.

नोटा आल्या त्या सांगलीच्या बैठकीतून. एका हॉटेलच्या हॉलमध्ये काही बागायतदार आणि फौजेतून निवृत्त झालेली माणसं जमली होती. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत होतं, लॅपटॉपवर पानं पुढे सरकवायला मी बसले होते. कंपनीला पैसे द्यायचे, त्याची 'कन्व्हर्टिबल नोट' मिळणार, मुदत संपली की पैसे परत घ्या किंवा त्याचे शेअर घ्या, निवड तुमची, असं ते होतं. चहा फिरत असताना मागून कोणीतरी विचारलं, "सर, कन्व्हर्टिबल म्हंजे ओ?"

"म्हणजे बदलून मिळणारी," सर म्हणाले आणि पुढच्या पानाची खूण केली.

मी पान सरकवलं. त्यांच्या मनात शेअरच असावेत. मला तो शब्द खटकला, पण मराठीत असंच म्हणत असतील असंही वाटलं. माझ्या मराठीवर माझा फार भरवसा कधीच नव्हता. दुकानात कोणी 'एकोणसाठ' म्हटलं तर मी अजूनही क्षणभर थांबते. हॉलमधल्या माणसांनी मात्र तो शब्द लगेच उचलला. नोट त्यांना ठाऊक होती, बदलणंही ठाऊक होतं. फाटली तर बदलून घ्यायची, बंद झाली तर बदलून घ्यायची. नोट बदलली की हातात पैसाच येतो, दुसरं काय येणार?

सुभेदार औंधजवळच्या एका गावचे. निवृत्तीचे मिळालेले त्यांनी घातले. नियमाने एका माणसाकडून मोठी रक्कम एकदमच घ्यावी लागायची आणि तेवढी त्यांच्याकडे होत नव्हती. म्हणून त्यांनी आपल्या पलटणीतल्या एका हवालदाराला बरोबर घेतलं. हवालदार जतचे, धनगर. घरची मेंढरं विकून त्यांनी भर घातली. नोट एकट्या सुभेदारांच्या नावावर निघाली. हवालदारांचं नाव कुठेच नव्हतं, त्यांच्यात तसा कागदही झाला नव्हता. "साहेबानं दिलेला शबुद हाय," ते एकदा मला म्हणाले होते, मी काही न विचारता.

त्या सकाळी बाकड्यावर हेच दोघे होते.

नोटेची मुदत संपत आली होती, आणि त्याच सुमारास बँकेने सीसीचं नूतनीकरण अडवून धरलं. बँकेचं म्हणणं, कंपनीच्या डोक्यावर देणं फार आहे, या नोटांचे शेअर करा, म्हणजे तेवढं देणं कमी होईल, मग बघू. सरळ होतं ते. सुभेदारांनी सही केली की त्यांचं येणं संपणार, कागदावर कंपनी हलकी दिसणार, बँक पुन्हा उचल देणार, दोन्ही शेडमधल्या माणसांचे थकलेले पगार होणार. माझाही होता त्यात. फोन सरांनी स्वतःच केला होता. "मुदत आलीय, नोट कन्व्हर्ट करायचीय, सहीला या." तिकडे काय ऐकू गेलं असेल ते त्या बाकड्याकडे बघून कळत होतं. हवालदारांच्या मांडीवर मिलिटरी कँटीनमधून आणलेली काळी बॅग होती, रिकामी, घडी घालून ठेवलेली.

मी पाणी घेऊन बाहेर गेले. सुभेदारांनी कागदाची पुडी सोडली. "घे पोरी, यमाईचा परसाद हाय. यस्टीत बसायच्या आधी वर जाऊन आलो."

मी साखरफुटाणे घेतले.

"चेक देत्यात का रोख?" हवालदारांनी हळूच विचारलं. "चेक वटायला येळ लागतो, म्हणून म्हणलं. कालव्याच्या कडंची जमीन धरलीया. इसार दिलाय. महिन्याच्या आत बाकीचं न्हाई दिलं तर इसारबी गेला आन् जमीनबी. आमच्याकडं पान्याची जमीन परत परत निघत न्हाई, ताई."

"हिला काय इचारतो? ही पगारी मानूस," सुभेदार म्हणाले. "आत चल, साहेबाला इचार."

"म्या तर हवालदार. म्होरं तुमी."

"रिटायर झाला तरी माघंच ऱ्हानार का रं?"

त्यांच्या हसण्यात मी तशीच आत आले. साखरफुटाणे मुठीतच होते.

सरांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, पाऊसपाण्याची चौकशी केली. हवालदार म्हणाले, टँकर चालू आहेत. सरांनी मान हलवली. मग संमतीपत्र पुढे सरकवलं आणि शाईचं पॅड उघडलं, जरी सुभेदारांना सही येत होती.

"एकदा नोट बदलली की तुम्ही कंपनीचे मालक," सर म्हणाले. "माझ्या बरोबरीने."

"मालक हून काय करायचं सायेब," हवालदार म्हणाले. "पैसं?"

"पैसे कुठं जातायत? कंपनीतच आहेत."

सुभेदारांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं. चष्मा लावला, कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. खालचा मजकूर बारीक होता. त्यांनी तो माझ्याकडे वळवला.

"पोरी, तू वाचलंयस न्हवं हे?"

"त्यांनीच तयार केलंय," सर म्हणाले. आवाजात काही धमकी नव्हती. थकलेला होता. "मॅडम, तुमच्या शब्दांत सांगा काकांना. सोपं करून."

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे बघितलं. बाहेर दोन कामगार परत आलेल्या यंत्रांवरची माती पुसत होते, पुन्हा खोक्यांत घालण्यासाठी. पगाराविना राबत होते ते. ही सही झाली तर निदान पुढचे काही महिने त्यांच्या घरात धान्य येईल. झाली नाही तर कदाचित याच आठवड्यात सीसी गोठेल. आणि सही न करून तरी या दोघांना काय मिळणार होतं? सगळ्या मालावर, सगळ्या मशिनींवर पहिला हात बँकेचा. नोट ठेवली तर ते निदान देण्याच्या रांगेत उभे राहतील, बँकेच्या मागे, अगदी शेवटी. सही केली तर त्या रांगेतूनच बाहेर. एवढाच फरक होता, आणि तो निवडायचा हक्क अजून सुभेदारांकडे होता, पेनाचं टोक कागदाला लागेपर्यंत.

त्यांना हे माहीतच नव्हतं की आपण काही निवडतो आहोत.

"सांगा ना," सर म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या काचेखालच्या आपल्या मुलीच्या फोटोकडे बघत होते. मला वाटतं, मी काय सांगणार हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"ही साळंत शिकल्याली पोरगी," सुभेदार हवालदारांना म्हणाले, "ही म्हणली बरं हाय, तर बरं हाय. झालं."

"व्हय, ताई सांगतील तसं," हवालदार म्हणाले आणि बॅगेची चेन उघडली.

सुभेदारांनी पेन टेकवलं. शाई लगेच उतरली नाही, म्हणून त्यांनी ते झटकलं.

"काका, थांबा," मी म्हणाले. "आज पैसे मिळणार नाहीत. आणि ही सही केलीत, तर पुढे कधी मागताही येणार नाहीत."