काठाची ओळ

वडनेर भोलजीच्या भागवतला बोलायचा कंटाळा होता. पाऊस आला तर तो "आला" म्हणायचा. किती आला, हे ज्याला हवं असेल त्यानं दारात येऊन बघावं. घरातलं सगळं बोलणं त्यानं लग्न झाल्याबरोबर गोजरबाईवर सोपवलं होतं, आणि तिनंही ते काम कधी अंगावर पडलं असं म्हटलं नाही. ती पुरेसं बोलायची, दोघांचंही.

त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा आयर्लंडात असतो. दुधाच्या कारखान्यातल्या कूलिंगच्या मशिनी सांभाळतो. बायको करिष्मा आणि शाळेत जाणारी पोरगी तिकडेच. दर रविवारी त्याचा फोन यायचा, आणि गोजरबाई बाजेवर मांडी घालून तासभर खाण्यावर बोलायची. तू काय खाल्लं, मी काय केलं, शेजारच्या बेबीताईनं फोडणी कशी करपवली, असं सगळं. भागवत बाजूला आडवा पडून ऐकायचा. शेवटी ती फोन त्याच्या कानाला लावायची आणि तो म्हणायचा, "हाव. बरं. ठेवतो."

गोजरबाई गेली त्याला आता दुसरा उन्हाळा लागला. गोविंदा आला, तेरवी करून परत गेला. रविवारचा फोन चालूच राहिला, पण बोलणारी माणसं राहिली ती दोन, आणि दोघंही भागवतच.

"ऊन पडलं का तिकडे?"

"मंगळवारी पडलं होतं."

"बरं."

मग दोघं गप्प. भागवतच्या बाजूनं निदान पंख्याचा आवाज तरी असायचा.

दिवाळीला येतो म्हणाला होता, आला नाही. थंडीत म्हणाला, "पाहू." हा "पाहू" भागवतच्या ओळखीचा होता. सोयरिकीला नकार द्यायचा असला की लोक असंच म्हणतात. पोरगा घरी यायचा तो मायसाठी, माय गेली तसा रस्ता बुजला. बापाचं तोंड बघायला कोण कशाला विमानात बसेल? हे त्याला मनापासून वाटायचं आणि त्याचं फार वाईट वाटायचं. सांगणार कोणाला? ज्या बाईला सांगितलं असतं तिचाच फोटो भिंतीवर होता.

होळी झाल्यावरच्या एका रविवारी गोविंदा आपणहून म्हणाला, "बाबा, खारोड्या खाव्या वाटून राह्यल्या."

खारोडी म्हणजे बाजरी भरडून, लसूण, मिरची, तीळ घालून शिजवायची, रात्रभर मुरू द्यायची आणि सकाळी कापडावर बोरांएवढे गोळे तोडून उन्हात वाळवायचे. वाळली की दगड. शेंगदाणे आणि कांद्यासोबत खातात, दात असेपर्यंत. गोजरबाई दर उन्हाळ्यात घालायची, डबा भरून तिकडे पाठवायची. गेल्या उन्हाळ्यात घरात कोणी खारोड्यांचं नावही काढलं नव्हतं.

भागवत बाजेवर उठून बसला. दुसऱ्या दिवशी तालुक्याला, नांदुऱ्याला जाऊन त्यानं बचत गटाच्या खारोड्या आणल्या आणि कुरिअरनं पाठवल्या. पोचल्यावर गोविंदा म्हणाला, "चांगल्या आहेत." शहरातल्या माणसाशी बोलल्यासारखं, "हायेत" नाही, "आहेत" म्हणाला. भागवतला ते लागलं.

"तुया मायच्यासारख्या नाहीत."

"तसं नाही बाबा. कडक आहेत जरा."

आता वाळलेली खारोडी कडक नाही असणार तर काय मऊ असणार? भागवतनं आठवडाभर विचार केला आणि ठरवलं की दोष बचत गटाचा आहे. आपण स्वतः घालायच्या. चौसष्टाव्या वर्षी तो बेबीताईच्या दारात जाऊन उभा राहिला. बेबीताई म्हणजे गोजरबाईची सख्ख्या बहिणीसारखी मैत्रीण, आणि आमच्या गल्लीच्या उन्हाळी कामाची मुकादम.

"मले खारोड्या घालाच्या हायेत," भागवत म्हणाला.

बेबीताईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "घाला ना मंग. पन एकट्याच्यानं होत नाही. पाळी लागते."

गल्लीची रीत अशी. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. बाया पहाटेच जमतात आणि एकीचं सगळं वाळवण घालून मोकळ्या होतात. पण ज्यानं दुसऱ्याच्या घरी हात लावला नाही त्याच्या घरी कोणी येत नाही. ह्यात आजवर पुरुष शिरला नव्हता, म्हणून पुरुषांसाठी वेगळा नियमही नव्हता. "भाऊजी, पाळी पायजे तर आधी बसा लागते," बेबीताई म्हणाली, आणि भागवत बसला.

चैत्रभर तो बसला. टोपी घालून, मिशीला पीठ लावून, बायांच्या रांगेत शेवटी. सुरुवातीला बाया त्याच्यासमोर बोलेनात. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस ऐकतो आणि पुढे कुठे सांगत नाही. तेव्हा अशा काही बोलू लागल्या की भागवतला गावातल्या बऱ्याच नवऱ्यांकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेनं बघता येईना.

चहाच्या हॉटेलात नेहमी बसणाऱ्या किसनरावांनी विचारलं, "भागवत, कुरड्याचं टेंडर भेटलं म्हन्ते तुले?"

"हाव," भागवत म्हणाला आणि चहा संपवून पापडाला गेला.

त्याची पाळी आली. आदल्या दिवशी त्यानं गोजरबाईची ट्रंक उघडली. ती गेल्यापासून त्याला ते झालं नव्हतं. वरचं एक सुती लुगडं काढलं आणि स्लॅबवर नेऊन अंथरलं. पहाटे बाया आल्या. सगळ्यांचे हात भराभरा चालले, उन्हं वर यायच्या आत लुगडं भरत आलं. फक्त काठ मोकळा राहिला होता. बेबीताई तिथं बसली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं एक लांब ओळ घातली. ह्या खारोड्या चांगल्या लिंबाएवढ्या होत्या.

"ह्या एवढ्या मोठ्या काऊन?" भागवतनं विचारलं.

"हे राखनदाराची ओळ," बेबीताई म्हणाली. "गोजर नेहमी घाले. गोविंदा कावळे हाकलाले बसे ना इथं. पोरगं हात लावल्याबिगर राह्यते का? म्हनून त्याच्यासाठी काठाले मोठ्या घालाच्या. मोठी असली की वरून वाळते, अंदरून ओली राह्यते. त्याले तशीच लागे. डब्यातली वाळकी तो तोंडातही घाले नाही."

भागवत काठाच्या ओळीकडे बघत राहिला. पोरगा कडक म्हणाला त्याचा अर्थ त्याला आता लागला. गोजरबाई तिकडे डबे पाठवायची ते सुनेनं आणि नातीनं खाल्ले असतील. गोविंदाला हवी होती ती खारोडी आयर्लंडात पोचणं शक्यच नव्हतं. ती एक दुपार टिकते, तीही ह्याच स्लॅबवर.

त्याला आणखीही एक गोष्ट आठवली, पण ती त्यानं बायांना सांगितली नाही. गोविंदा लहान असताना ऊन कललं की भागवत शेतातून यायचा आणि "वाळवण पाहून येतो" म्हणून वर चढायचा. पोरगं तोवर खेळायला पळालेलं असायचं. काठाची ओळ अर्धी उरलेली असायची. ती अर्धी भागवत खायचा. मग खाली येऊन पूर्ण ओळ खाल्ल्याबद्दल गोविंदाला झापायचा. गोजरबाई चुलीशी बसून ऐकायची आणि त्या एवढ्या एका विषयावर मात्र काही बोलायची नाही.

दुपारी त्यानं फोन लावला, तोंड दिसणारा. वार रविवार नव्हता. तिकडे सकाळ होती आणि गोविंदा कामाचा डबा भरत होता. तो घाबरला.

"काय झालं बाबा?"

भागवतनं फोन काठाच्या ओळीवर धरला. मग एक खारोडी उचलली, मोडली, आतली ओल फोनला दाखवली आणि सावकाश खाल्ली.

"ओली हाये का?" गोविंदानं विचारलं.

"हाव."

भागवतनं फोन आपल्या तोंडाकडे वळवला.

"कुरिअरवाला ओला माल घेत नाही," भागवत म्हणाला. मग त्यानं आयुष्यात केलं नव्हतं ते केलं, मनातलं पूर्ण बोलला. "गोविंदा, तू घरी यावा असं मले लय वाटते. खारोड्या निमित्त हायेत. तुयी माय नाही, पन मी हावो ना इथं."

गोविंदानं डब्याचं झाकण लावलं. लागलं नाही, पुन्हा लावलं. "वैशाख कधी सरते बाबा?"

"हाये अजून."

"पुन्हा घालसान?"

"घालतो."

घालतो म्हणणं सोपं होतं. एका उन्हाळ्यात दोन पाळ्या आमच्या गल्लीत सरपंचाच्या बायकोलाही मिळालेल्या नाहीत. बेबीताईनं सगळं ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला आणि त्याच दमात सांगितलं की मग तिचे उडदाचे पापड लाटावे लागतील. भागवतनं लाटले. त्यातला एकही गोल झाला नाही. बेबीताईनं ते पाहुण्यांना न दाखवता घरातच खाल्ले.

वैशाख सरता सरता गोविंदा आला. एकटाच. करिष्माला रजा नव्हती, पोरीची शाळा चालू होती. दुसऱ्या पहाटे बायांनी पुन्हा लुगडं भरलं, बेबीताईनं काठाची ओळ घातली आणि गोविंदाच्या हातात काठी दिली. "राख," ती म्हणाली. आयर्लंडातला इंजिनियर डोक्याला ओला पंचा बांधून दिवसभर स्लॅबवर बसला.

ऊन कललं तसा भागवत वर गेला. गोविंदानं एका टोकापासून अर्धी ओळ संपवली होती. उरलेल्या अर्ध्या ओळीकडे बोट करून तो म्हणाला, "बसा. ह्या तुमच्या."

"माह्या कशा?"

"लहानपनी मी अर्धीच खात होतो. शिव्या मात्र पुऱ्या ओळीच्या भेटत."

भागवतनं लुगड्याचा कोपरा सारखा केला. तो सारखाच होता. "बकरी खात असन," तो म्हणाला.

"स्लॅबवर?"

भागवतनं लुगड्याचा दुसरा कोपराही सारखा केला.

"मी मायले विचारलं होतं," गोविंदा म्हणाला, "मले एवढ्या संपत नाहीत, तू ओळ एवढी लांब काऊन घालतं? तर माय म्हने, राखनदार दोन हायेत. एक ऊन उतरल्यावर येते. त्याले सांगू नको, लाजन आन् येनं बंद करन."

भागवत खाली बसला. ती त्याच्या वाटणीचंही घालत होती, सगळे उन्हाळे, आणि तो चोरून खात होता. त्यानं एक खारोडी तोंडात टाकली. मीठ थोडं जास्त झालं होतं.

"मायच्यासारखी हाये का?" त्यानं शेवटी विचारलं.

गोविंदानं आणखी एक खाऊन पाहिली. "नाही," तो म्हणाला. "पन ओली हाये."

दोघांनी मिळून ओळ संपवली. काठावर नुसते ओले डाग उरले. गोविंदानं त्या डागांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी ओळ जरा लांब घालजा. पोरगी राहीन संगं."

"पाहू," भागवत म्हणाला. "बाजरी कशी भेटते त्याच्यावर हाये." आणि तोंड फिरवून त्यानं खांद्यावरचा पंचा झटकून कावळा हाकलला. स्लॅबवर कावळा नव्हता.