बुकित पंजांगहून पायी

हेमचंद्रकाकांचं घर मी घालवलं, आणि तेही तोंडात मोदक असताना.

गणपतीचे दिवस होते. सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टला त्यांच्या मुलाच्या, रुचिरच्या कॉन्डोत आरती होऊन पानं मांडली होती. माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्या पोरांना अशा घरी आग्रहाने बोलावतात, आणि आम्हीही आग्रहासाठी फार अडून बसत नाही. वाढता वाढता रुचिर म्हणाला, "बाबांना विचारा, त्यांची पायवाट कुठवर आली ते. अजून शोधच चाललाय!" सगळे हसले. मी करमाळ्याच्या शाळेतला. उत्तर येत असलं की हात वर करायची खोड तिथली. म्हटलं, "शोध कसला? कधीच सापडली की! गेल्या महिन्यात काका चालत आले होते इथवर. खाली समोरच्या हॉकर सेंटरमध्ये मीच भेटलो ना त्यांना."

काका ताटातली खोबऱ्याची चटणी बोटाने सारखी करत राहिले.

"खरं, बाबा?" रुचिरने विचारलं.

"हो."

"मग वर का नाही आलात?"

"बुटांना चिखल होता," काका म्हणाले.

या पायवाटेची भानगड अशी. काका पुण्याचे. एका जहाज कंपनीचे हिशेब सांभाळायला तरुणपणी सिंगापुरात आले आणि इथलेच झाले. बुकित पंजांगला त्यांचा छोटा फ्लॅट, त्याच मजल्यावर मी एक खोली भाड्याने घेतलेली. सविताकाकू गेल्यावर ते एकटेच राहत. एकदा बाथरूममध्ये घसरले आणि दुपारपर्यंत फरशीवरच पडून राहिले. तेव्हापासून रुचिरने धरलं, फ्लॅट भाड्याने द्या आणि आमच्याकडे या. पोराचं चुकत नव्हतं, म्हणून भांडताही येत नव्हतं. मग काकांनी अट घातली. "येतो. पण माझ्या दारातून तुझ्या दारापर्यंत पायी येईन. रस्त्याच्या कडेने नाही, झाडांतून. वाट जुळली की सामान बांधतो."

रुचिरला वाटलं, दोन रविवारांत म्हातारा दमेल. नात इरा तर इथल्या ढंगात म्हणाली, "आजोबा, एमआरटीची ट्रेन घ्या लाह. सो फास्ट!"

काका दमले नाहीत. दर रविवारी उजाडता उजाडता डोक्यावर टोपी, पिशवीत पाणी आणि पोळीची गुंडाळी घेऊन ते एकटे निघत. बुकित पंजांगच्या जवळून मलेशियाची जुनी रेल्वे जायची. ती बंद झाल्यावर रूळ उचलून नेले आणि मागे गवताची एक लांबच लांब पट्टी उरली. तिथून सुरुवात. पुढे पायवाटा खूप, पण एकीचा दुसरीला पत्ता नाही. मध्येच कुंपण, मध्येच नाला, मध्येच हायवे. संध्याकाळी ते आमच्या इमारतीखालच्या बाकावर पाय पसरून बसलेले दिसत.

"काका, आज कुठवर?"

"आज एका माकडाने परत पाठवलं. पोळी घेतली आणि वर माझ्याकडेच रागाने बघत बसलं."

"मी येऊ का सोबत पुढच्या वेळी?"

"नको रे, करमाळकर. दोघं असलं की बोलणं होतं. बोलणं सुरू झालं की वाट दिसत नाही."

माझं आडनाव करमाळकर नाही. पण त्यांच्या तोंडी ते शोभून दिसत होतं.

दर आठवड्याला नवा अडथळा. आम्ही इमारतीतले सगळे त्यांची थोडी मजाच करायचो. आणि मग एका रविवारी मी जुरोंग ईस्टला फोनचा चार्जर घ्यायला गेलो, तर खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या हॉकर सेंटरमध्ये काका. पोटऱ्यांपर्यंत चिखल, हाताला ओरखडे, समोर काळी कॉफी. मला बघून दचकले, पण सांगितल्याशिवाय राहवेना. जुन्या रेल्वेचा एक फाटा जंगलात शिरतो. झाडांनी गिळलाय, पण खाली गंजके रूळ अजून तसेच आहेत. पायाला ते लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. तर पायांनी चाचपत गेले. आत इतकी शांतता, की स्वतःचा श्वास दुसऱ्या कोणाचा वाटून दोनदा मागे वळून पाहिलं. मग अचानक उजेड, घरांची मागची बाजू, आणि कालव्याकाठची सरळ वाट इथवर.

"जुळली तर!" मी ओरडलोच. "मग वर जाताय ना?"

त्यांनी मान वर केली. रुचिरच्या बाल्कनीत इराचा पोहायचा पोशाख वाळत होता. काकांनी तो बराच वेळ बघितला, कॉफी संपवली आणि म्हणाले, "चल, बस येईल."

बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. "कोणाला सांगू नकोस," असं काही म्हणाले नाहीत. एवढं तर मला कळेल, असं त्यांना वाटलं असणार. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं, की म्हाताऱ्याने बाजी मारली.

आणि मग तो मोदक.

त्या रात्री लिफ्टपाशी सोडायला आलेला रुचिर माझ्यावरच वैतागला. "मी काय त्यांना तुरुंगात टाकतोय? पुन्हा पडले, तर कोणाला कळणार तरी आहे का?" त्याचे डोळे भरले होते. मी नुसता लिफ्टचं बटण दाबत राहिलो.

काका शब्दाला जागले. दिवाळी झाली, सामान टेम्पोने पुढे गेलं आणि ते टोपी घालून खाली आले. मी बूट घालूनच उभा होतो.

"तू कुठे?"

"सोबत. निदान फाट्यापर्यंत."

"नको," म्हणाले. आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी रुचिरचा फोन आला. बाबा पोचले, दाराबाहेर बूट काढले, "आलो" म्हणाले आणि झोपून गेले.

महिन्याभराने भेटायला गेलो. खोली छान, एसी, वेळेवर जेवण. काका मला खाली घेऊन आले. तरण तलावाभोवती फरशीची वाट होती. तिथे आम्ही फिरलो, तीच कुंडी पुन्हा पुन्हा ओलांडत.

"काका, त्या दिवशी माझं जरा..."

"राहू दे. माफी नको मला. तू माझी एक वाट घालवलीस, आता एक देणं लागतोस. परतीची शोध."

"परतीची? फ्लॅट तर भाड्याने दिला ना?"

"राहायला कोण जातंय? आपल्या बाकावर बसून यायचं."

"मग जुनी वाट आहेच की."

"ती रुचिरला पाठ झाली. परवा गेलो, तर दुसऱ्या टोकाला गाडी घेऊन उभा. हातात नारळपाणी." काका हसले. "चांगला पोरगा आहे रे. त्याला काय म्हणणार?"

म्हणून आता माझे रविवार असे जातात. बुकित बातोकच्या टेकडीवर चढतो, जुन्या खाणीच्या पाण्याकाठून मागे उतरतो, नाल्याच्या कठड्यावरून तोल सावरत जातो. सोबत कोणी नसतं. सुरुवातीला कानात गाणी घालायचो, आता नाही घालत. घरी आलो की दिवसभरात तोंडातून शब्द निघाला नाही हे लक्षात येतं, आणि मग उगाच काकांच्या जुन्या, बंद दाराकडे बघत कुलूप उघडतो. तिथे आता एक चिनी जोडपं राहतं. भली माणसं आहेत.

मध्यंतरी काकांचा फोन आला.

"काय करमाळकर, कुठवर?"

"खाणीमागच्या कुंपणापर्यंत."

"मग?"

"मग फिरलो मागे."

"डावीकडून बघितलंस?"

"नाही."

"बघ," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या रविवारी पाऊस लागला. पुढच्या रविवारी ऑफिसने बोलावलं. डावी बाजू अजून बघायची राहिलीच आहे.