माझा उपास तिच्या परडीत

गाठ हाताला लागली ती आंघोळ करताना. डाव्या बाजूला, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून म्हटलं, असेल काहीतरी, शेवंतीचा तोडा संपला की बघू. शेवंती संपली, झेंडू आला, हरभऱ्याची सुपारी झाली, तरी मी तोंडातून ब्र काढला नाही. असल्या जागेचं दुखणं बाईने सांगायचं तरी कुणाला? शेवटी सूनबाईने, पल्लवीनेच पकडलं. "आई, डावा हात वर करताना तुम्ही तोंड का वाकडं करता?" एवढंच विचारलं तिने, आणि मला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी मखमलाबादच्या मळ्यातून ती मला नाशिकला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मशीनमध्ये दाबून छातीचा फोटो काढला, सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत आमचे हे समोर पेपर धरून नुसते बसायचे, पान उलटायचे नाहीत. रिपोर्ट आला, कॅन्सर निघाला. डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची मुलगी. म्हणाली, "काकू, उशीर केलात, पण फार नाही केला. सगळे उपचार पूर्ण घेतलेत तर मला काळजी नाही."

मला मात्र काळजीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मी सप्तशृंगीची भक्त, लहानपणापासून. पण आज खरं सांगते, माझी भक्ती म्हणजे निम्मी घासाघीस होती. पोरगा पास होऊ दे, नारळ वाहते. झेंडूवरची अळी जाऊ दे, ओटी भरते. सूनबाई सुखरूप बाळंत होऊ दे, गडाच्या पायऱ्या चढून येते. आई देत गेली, मी फेडत गेले. म्हणून आता पहिला विचार आला तो हाच, की कुठलं तरी फेडायचं राहून गेलंय आणि त्याचीच ही शिक्षा आहे. रोज देव्हाऱ्यासमोर बसून जुने नवस आठवायचे. एकही राहिलेला सापडेना, तेव्हा तर जास्तच भीती वाटली.

ऑपरेशन झालं. मग केमो सुरू झाली, दर तीन आठवड्यांनी एक सलाईन. पहिल्यानंतर सोळाव्या-सतराव्या दिवशी केस हातात यायला लागले. मी म्हटलं, रोज रोज रडण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे, आणि यांच्याकडून डोकं साफ करून घेतलं. हे म्हणाले, "आता कोण म्हणेल तुला सासूबाई, शाळकरी पोर दिसतेस." मेलं माणूस, अशा वेळीही! पण हसू आलं खरं. तोंड आलं होतं, पाणीसुद्धा झोंबायचं. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं, नखं काळी पडली. नर्सबाईंनी सांगितलं तसं मिठा-सोड्याच्या पाण्याने गुळण्या करायच्या, सलाईन चालू असताना बर्फाचा खडा चघळायचा, एकदम ताटभर न जेवता दोन-दोन तासांनी चार घास खायचे. याने फरक पडायचा. पल्लवी मऊ मुगाची खिचडी डब्यात घालून बरोबर ठेवायची. डॉक्टरने एक कागदही दिला होता. उपास करायचा नाही, अनवाणी चालायचं नाही, मातीत हात घालायचा नाही, ताजी फुलं जवळ ठेवायची नाहीत. या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होतात, साधं खरचटलं तरी महागात पडतं, म्हणून. आमचं घर चालतं मातीवर आणि फुलांवर, आणि मला दोन्ही वर्ज्य!

तिसऱ्या केमोनंतर नवरात्र आलं. आणि मी, साठीला टेकलेली बाई, माती खाल्ली. गुपचूप नवस बोलले, की आई, नऊ दिवस कडक उपास करते, पायात चप्पल घालत नाही, मला यातून काढ. घटसुद्धा मीच बसवला, माती कालवून, धान्य पेरून. हे रागावले, बोलायचे थांबले. पल्लवी डॉक्टरांना सांगते म्हणाली, तर मी तिला देवीची शपथ घातली. बिचारी गप्प बसली, पण डबा करायची थांबली नाही. रोज डबा भरायची आणि रोज मी तो तसाच परत ठेवायचे. दोन भगरीचे घास आणि पाणी, एवढ्यावर चार माळा झाल्या. पाचव्या माळेला रक्त तपासायला दवाखान्यात गेलो. चपला पिशवीत. डॉक्टरच्या दारात घातल्या आणि शहाण्यासारखी आत गेले.

रिपोर्ट बघून डॉक्टरचा चेहरा उतरला. पेशी फारच खाली होत्या. उद्याची केमो देता येणार नाही म्हणाली, आठवडाभर पुढे ढकलू, पोटात इंजेक्शनं देऊ. "पण काकू, असं सारखं पुढे ढकलणं बरं नाही. औषधाची साखळी तुटली तर उपयोग कमी होतो. नीट खाताय ना?" मी हो म्हणाले. पल्लवी खाली बघत होती. बाहेर आल्यावर ती इंजेक्शनं आणायला गेली आणि मी बाकावर बसून चपला काढून पुन्हा पिशवीत घातल्या. डोकं गरगरत होतं. आणि मनात काय आलं असेल? आई परीक्षा बघतेय. उद्यापासून भगरही बंद करायची. अकलेचं दिवाळं म्हणतात ते हेच.

समोरच्या भिंतीला टेकून एक बाई बसली होती. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, मांडीवर देवीची परडी. तिची बहीण आत सलाईन घेत होती. माझी चपलांची उठाठेव ती बघत असणार. उठून माझ्यासमोर आली आणि पदर पसरला. "माय, आज चार घरं झाली, पाचवं राह्यलं. जोगवा घाल."

नवरात्रात दारी आलेल्या आराधिणीला कुणी रिकामं पाठवत नाही. मी पिशवी चाचपली. डबा होता, पण तो सूनबाईच्या हातचा, माझ्यासाठी भरलेला. म्हटलं, "बाई, माझ्याकडे द्यायला काही नाही. मी उपाशी आहे."

"मंग तोच घाल," ती म्हणाली. "तुझा उपास घाल माझ्या परडीत. राह्यलेल्या माळा मी धरते तुझ्या नावाने. अनवाणी तर मी हायच."

मला कळेचना. "असं कुठे असतं का?"

"का नसतं? जोगवा दिला का दिला, तो आपला राहत नाय. आन् मागणाऱ्याला नाय म्हणायचं नाय. सोड पाणी."

तिने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. माझ्या ओंजळीतून पाणी तिच्या परडीत गेलं, थोडं फरशीवर सांडलं. फरशी पुसणाऱ्या मावशी ओरडल्या, "अगं बाई, आत्ताच पुसलंय!" ही आपली हसली. म्हणाली, "झालं. आता तुला उपास नाय. खा. आन् त्या चपला पिशवीला कशाला घातल्यात, पायाला घाल." मग माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि बहिणीला बघायला आत गेली.

मी डबा उघडला. खिचडी गार झाली होती. पहिला घास झोंबला, दुसराही झोंबला, पण मी खात सुटले आणि डोळ्यांतून धारा. पल्लवी इंजेक्शनं घेऊन आली, तिने मला बघितलं आणि तशीच शेजारी बसून पदराने तोंड झाकून हुंदके द्यायला लागली. मी तिला जवळ घेतलं. "शपथ सुटली गं बाई तुझी," म्हटलं. "चल, डॉक्टरला सगळं सांगू." डॉक्टर रागावली, चांगलीच रागावली, आणि ते रागावणंही मला गोड लागलं. बाहेर येऊन बघितलं तर त्या बहिणी गेल्या होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आठवड्याने पेशी वर आल्या, केमो मिळाली. इंजेक्शनांनी आल्या म्हणा, खिचडीने आल्या म्हणा, मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की मी हट्टाने स्वतःला खड्ड्यात लोटत होते आणि तिथून मला बाहेर काढायला नेमकी अशी बाई आली, जिचं मी ऐकलं असतं. डॉक्टरचं ऐकलं नाही, नवऱ्याचं नाही, सुनेचं नाही. माझी अडाणी भाषा ज्या आईला कळते, तिने त्याच भाषेत निरोप धाडला. बाकीच्या केमो झाल्या, रेडिएशनचे शेक झाले, कातडी भाजल्यासारखी काळी पडली आणि हळूहळू निवळलीही. गोळी रोजची आहे, तपासणी ठरल्या वेळी आहे. मागच्या तपासणीत डॉक्टरने रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाली, "काकू, सगळं छान आहे." मी म्हटलं, अजून एकदा वाच.

त्यानंतर पल्लवीबरोबर गडावर गेले. पायऱ्या नाही, सरळ गडावर चढणाऱ्या रुळांवरच्या ट्रॉलीने गेले. आईसमोर उभी राहिले. अठरा हातांची माझी माय, शेंदराने नुसती लालभडक. हात जोडले आणि सवयीने मागणं आठवायला लागले, त्यावर काय वाहीन तेही. काही आठवेना. मन इतकं रिकामं आणि हलकं माझ्या जन्मात कधी झालं नव्हतं. पुजारीबुवांनी ओटी घेतली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "काही नवस आहे का, मावशी? बोलायचाय की फेडायचाय?"

"नाही हो," मी म्हटलं, "नुसती भेटायला आले."