डाव्या बाईंची काळी शाई

आमच्या जन्मनोंदणी कार्यालयात नोंदवही लिहायचं काम डाव्या बाईंकडे होतं. डाव्या हाताने लिहीत, म्हणून डाव्या बाई. नवे साहेब आले की पहिल्याच आठवड्यात मला हळूच विचारत, "या कुठल्या युनियनच्या?" मी तेव्हा भांडार सांभाळत होतो. वह्या, टाचण्या, शाई माझ्या ताब्यात.

डावखुऱ्या माणसाचा तळहात ओल्या अक्षरांवरून सरकत जातो. तरी बाईंच्या वहीत कधी फराटा दिसला नाही. त्यांचे यजमान लवकर गेले. त्यांचं फाउंटन पेन बाईंनी वीस वर्षं वापरलं आणि निब बाईंच्या डाव्या हाताच्या कलाने झिजली. दुसऱ्या पेनाने त्यांचं अक्षर मुंगीचे पाय उमटल्यासारखं दिसे.

एका वर्षी आमची नेहमीची काळी शाई बाजारात यायचीच बंद झाली. नवी वही महिन्याभरात सुरू व्हायची होती. मी बाजारातून तीन कंपन्यांच्या बाटल्या आणल्या आणि त्यांवर एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या डकवल्या.

"यात निवडायचं काय? काळं ते काळं," शिपाई म्हणाला.

"तुझे केस आणि साहेबांचे केस, दोन्ही काळेच ना?" बाई म्हणाल्या. साहेब कलप लावत. शिपाई तोंड दाबून बाहेर पळाला.

बाईंनी वहीच्याच कागदाच्या पट्ट्या कापून प्रत्येक शाईने तारखा लिहिल्या. एक पट्टी नळाखाली धरली, एक अर्धी झाकून खिडकीच्या उन्हात ठेवली, एकीवरून दहा आकडे मोजून तळहात फिरवला. पहिली शाई पाण्यात जांभळी होऊन वाहून गेली. "ही काळी नव्हेच, सोंग आहे," बाई म्हणाल्या. दुसरी पाण्यात टिकली, पण तीन आठवड्यांच्या उन्हाने चहासारखी झाली. तिसरी कशालाच दाद देईना.

बाईंनी पेन दुरुस्तीवाल्याला विचारलं, त्याने मात्र हात जोडले. "बाई, ही तीन नंबर तुमच्या पेनात नको. निबेखालच्या जिभेला शाई वाहायला केसासारख्या चिरा असतात. आत वाळली तर मीही काही करू शकणार नाही."

मी व्यवहाराचं बोललो. "दोन नंबर घ्या. वही कपाटात असते, तिला ऊन कुठलं लागतंय?"

"अहो भांडारवाले, आपण गेल्यावर ते कपाट कुठे उभं करतील, सांगता येईल तुम्हाला? साठ वर्षांनी कुणी स्वतःची जन्मतारीख बघायला आलं, तर त्याला काय चहाचा डाग दाखवायचा?"

एवढं म्हणून त्यांनी तीन नंबर पेनात भरली. बाटली घट्ट बंद करताना मात्र त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

तेव्हापासून रोज कार्यालय सुटताना बाई नळावर पेन धूत आणि रिकामं करून खणात ठेवत. एका शुक्रवारी दुपारी निरोप आला की त्यांच्या बहिणीला दवाखान्यात नेलंय. त्यांनी पेन खणात टाकून कुलूप लावलं आणि पर्स उचलून तशाच निघाल्या. संध्याकाळी कुलपं तपासताना माझ्या लक्षात आलं, आज पेन धुतलंच नाही, ते शाईसकट खणात आहे. पुढे दोन दिवस सुट्टी.

दुसऱ्याचा खण मी बारा वर्षांत उघडला नव्हता. जास्तीची चावी काढली, चावीच्या वहीत कारण लिहिलं, 'पेन धुणे', आणि सही केली. नळावर उभा राहून पेनात पाणी भरत राहिलो, सोडत राहिलो. पाणी काळं, मग राखाडी, मग जवळजवळ स्वच्छ. एवढ्याशा वस्तूची इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

सोमवारी बाई आल्या. बहीण आता बरी होती. खुर्चीवर बसायच्या आत त्यांनी घाईने खण उघडला, पेन उजेडात धरलं आणि निब तळव्यावर टेकवली.

"कुणी धुतलं?"

"मी."

"गार पाण्याने ना? गरम नाही?"

"गार."

"किती वेळा?"

"अकरा."

"बारा लागतात हो," असं म्हणून त्यांनी पदराने डोळे टिपले आणि बाराव्यांदा धुवायला पेन घेऊन नळाकडे गेल्या.