पांढऱ्या लुगड्यातला फोटो

बाळांनो,

परवा धाकट्याचा फोन आला. तिकडे परदेशात त्याला एक दादा भेटलाय. आपल्याकडचाच, बोलणंही आपल्यासारखं. खोली बघून देतो, फोनचं सिमही आणून देतो; फक्त पासपोर्टचा फोटो पाठव आणि एका कागदावर सही कर, म्हणाला. "आजी, भेटल्याबरोबर जय भीम म्हणाला तो," हे धाकट्यानं फार आनंदानं सांगितलं. मी फोनवर काही बोलले नाही. आजी फोनवर बोलली की ती काळजी ठरते, आणि काळजी कोणी ऐकत नाही. म्हणून लिहिते आहे. तुम्ही मराठी हळू वाचता. हळूच वाचा, पण सही करण्याआधी वाचून संपवा.

पोलीस खात्यात मी खून पाहिले, विहिरीतून काढलेली प्रेतं पाहिली. तरी डोळ्यांपुढून न हलणारं प्रकरण त्यांतलं नाही. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. माणसांची नावं मी लिहिणार नाही. आदिलाबाद जिल्ह्यात, राज्याच्या सीमेवर, बेला गावाकडच्या एका ठाण्याची मी प्रमुख होते, एवढं पुरे.

एका दुपारी परराज्यातलं पोलीस पथक ठाण्यात आलं. रिवाजाप्रमाणे स्टेशन डायरीत त्यांची नोंद झाली, चहा झाला, मग त्यांच्या उपनिरीक्षकानं वॉरंट पुढे केलं. आमच्या हद्दीतल्या एका बाईला न्यायचं होतं. त्यांच्या शहरातल्या एका निवृत्त शिक्षकाला कोणीतरी फोनवर धमकावलं होतं: तुम्ही अटकेत आहात, घराबाहेर पडू नका, कोणाशी बोलू नका. घाबरून त्या माणसानं जवळची सगळी पुंजी पाठवली. खरं काय ते कळल्यावर त्यानं गळफास घेतला. ज्या नंबरवरून फोन आले, ते सिम या बाईच्या नावावर होतं. अंगठा तिचा, फोटो तिचा.

मी तिला बोलावून घेतलं. ती कापूस वेचता वेचता वावरातून तशीच आली, ओटीत अजून कापूस होता. मागे नवरा. घरात एकच साधा फोन, तोही त्याच्या खिशात.

"अजी मॅडम, म्या काय केलं जी? मले काऊन नेऊन राह्यले?"

"तुमच्या नावावर सिम निघालंय, मावशी. अंगठा कोणाला दिलात?"

"रेशनच्या दुकानात देतो न आमी. रोजगाराच्या कामावर देतो. आनखी कोनाले देऊ?"

उपनिरीक्षक म्हणाला, "सब ऐसे ही बोलते हैं, मॅडम." तो वाईट माणूस नव्हता. मेलेल्या शिक्षकाची बायको रोज त्याच्या ठाण्यात येऊन बाकावर बसत होती.

सूर्य मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही, आणि दिवस कलला होता. मी म्हटलं, "सकाळपर्यंत थांबा. बाई माझ्या जबाबदारीवर." तो नाइलाजानं तयार झाला आणि त्यानं फाइल माझ्यापुढे सरकवली. सिम देताना काढलेला फोटो त्यात होता. बाई पांढऱ्या लुगड्यात होती, मागे निळी भिंत.

"विधवा है ना?" त्यानं विचारलं. तिचा नवरा दारातच उभा होता.

मला ते लुगडं ओळखू आलं. पौर्णिमेला विहारात वंदनेला जाताना आपल्याकडच्या बायका पांढरं नेसतात. माझी आई नेसायची, मीही नेसते. रेशनच्या रांगेत ते कोणी नेसत नाही. म्हणजे हा फोटो विहारात काढलेला होता.

मी तसं म्हणाले, तशी बाईनं हात जोडले. "मॅडम, मले न्या. पन विहारात पोलीस नका नेऊ. आमच्या लेकरायची मान खाली जाईन."

परक्या मुलखातल्या तुरुंगात जायला ती तयार होती, विहाराचं नाव कागदावर यायला नव्हे. कोणी फसवलं हे तिला अजून मानायचं नसावं; कुठे फसवलं ते मात्र त्या क्षणी कळलं असावं.

मी साध्या साडीत गावात गेले, सोबत एक महिला शिपाई. वावरातून परतलेल्या बायका विहाराच्या ओट्यावर बसल्या होत्या. चौकशी म्हटलं की माणसं उत्तरं देतात, माहिती देत नाहीत. म्हणून मी अंगठ्याचा विषयच काढला नाही. विचारलं, "औंदा दीक्षाभूमीवर कोण कोण जाऊन आलं?"

तोंडं खुलली. दसऱ्याला गावातून नागपूरला बस गेली होती. फुकट, वर वाटेत जेवण. गावातल्याच एका शिकलेल्या मुलानं नेली. त्याचं इचोड्याला, हायवेवर मोबाइलचं दुकान होतं. सगळ्या त्याला 'सर' म्हणत. परत आल्यावर गावानं त्याला शाल दिली होती.

"बससाठी नावं कशी लिहिली?"

"पुनवेले आलता मशीन घेऊन. अंगठा ठेवला की सीट पक्की. आमचे हात हे असे खरबडे, मशीन घेईच ना. मंग त्यानंच तेल देलं लावाले. लय मायाळू पोरगं, मॅडम."

"मग एकदा घेतला?"

"कुठी माय! पुन्ना ठेव, पुन्ना ठेव. माहा तर किती खेपा घेतला."

एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "अन् डोळे मिचकावले ते सांग ना वं."

"गप वं बुढे."

"काऊन गप? फोटो काढाच्या वक्ती मले म्हने, आजी, डोळे मिचकाव. म्या म्हनलं, बाबू, तुह्या आज्यानं बी असं कधी नाई म्हनलं मले."

ओटा हसला. मला हसू आलं नाही. बसमधल्या जागेसाठी डोळे मिचकावे लागत नाहीत. सिम विकताना समोर जिवंत माणूस आहे याची खात्री व्हावी म्हणून दुकानदाराचा फोन डोळ्यांची उघडझाप करायला लावतो. 'पुन्हा ठेव' म्हणून ठेवलेल्या अंगठ्यांवर तो आणखी सिम काढत होता.

उठता उठता विचारलं, "अंगठा सगळ्यांचाच घेतला ना?"

"सगळ्यायचा. त्याच्या मायले सोडून. तिले कायचा अंगठा? पोराची माय ते. फुडची सीट तिचीच."

बोलणारीनं टोमणा मारला होता. मी तो लक्षात ठेवला.

इचोडा माझ्या हद्दीत नव्हतं. सकाळी तिथल्या ठाण्याला कळवून, पंचांसमोर दुकानाची झडती घेतली आणि त्या 'सर'ला चौकशीला आणलं. परराज्यातला उपनिरीक्षक शेजारी बसला होता.

"जय भीम, मॅडम," म्हणत तो मुलगा आत आला. विचारून बसला. स्वच्छ शर्ट, स्वच्छ मराठी. शिक्षक व्हायला निघाला होता, नोकरी लागली नव्हती.

"सिम विकणं हा माझा धंदाच आहे. बायकांनी आपल्या हातानं अंगठे दिले. मी कोणाचं काय घेतलं, सांगा? उलट पदरचं घालून नागपूर दाखवलं. आमच्या गावात आजवर कोणी नेलं होतं?"

"कोणी नाही."

"मग? मॅडम, तुम्ही आपल्यातल्या. आपलंच माणूस आत टाकलं तर समाज काय म्हणेल?"

अशा वेळी आवाज चढवणारे अधिकारी मी पाहिले आहेत. आवाज चढला की आरोपीला विचार करायला सवड मिळते. मी त्याला बसचंच विचारत राहिले. कुठे थांबलात, काय जेवलात, कोण कुठे बसलं. तो खुलला. "आई पुढच्या सीटवर होती," आपणहून म्हणाला.

"आईचं नाव होतं ना यादीत?"

"होतं की."

"आणि अंगठा?"

तो थांबला. "राहून गेला असेल."

"शेजारच्या म्हातारीला तेल चोळायला लावून अंगठा घेतलात. आणि आई राहून गेली?"

त्यानं टेबलावरचा हात मांडीवर घेतला. "मॅडम, आईला यात ओढू नका."

"मी नाही ओढत. तुम्हीच तिला बाहेर ठेवली. काऊन ठेवली, तेवढं सांगा."

त्यानं पाणी मागितलं. प्यायल्यावर बोलायला लागला, ते जबाब लिहून होईपर्यंत थांबला नाही. सिम तो हायवेवरच्या एका ढाब्यावर कोणा ट्रकवाल्याच्या हाती देत असे. पुढे ती कुठे जातात, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. "विचारलं असतं तर देता आलं नसतं," म्हणाला. उपनिरीक्षकानं मेलेल्या शिक्षकाचा फोटो त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो उलटा करून ठेवला.

बाई सुटली. पथकानं न्यायालयाला अहवाल दिला, तिचं नाव आरोपींतून निघून साक्षीदारांत गेलं. पण तिला न्यायला गावापुढे पोलिसांची गाडी उभी राहिली होती. तिच्या मुलीची जुळत आलेली सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी कारणही सांगितलं नाही. पुढच्या दसऱ्याला गावातून नागपूरला कोणी गेलं नाही. ढाब्यापलीकडचे लोक कधी सापडले नाहीत. शिक्षक तर गेलाच होता.

आम्ही शाळांतून, बाजारांतून सांगत फिरायचो की अनोळखी माणसाला काही देऊ नका. त्या बायकांनी अनोळखी माणसाला काहीच दिलं नव्हतं. आपल्या मुलाला दिलं, आपल्या विहारात, आपल्या सणासाठी. फसवणारा घेण्याआधी देतो, हे मी त्या प्रकरणात शिकले. कधी बस देतो, कधी हाताला तेल. तुमच्याकडे खोली देत असेल.

तेव्हा लक्षात ठेवा. फोनवरून कोणतेच पोलीस कोणाला अटक करत नाहीत, आणि 'घरच्यांना सांगू नका' म्हणणारा पोलीस नसतो. अंगठा पुन्हा मागितला तर पहिल्याचं काय झालं, ते आधी विचारा. इथल्या आपल्या नावांवर किती सिम आहेत, ते सरकारी संकेतस्थळावर दिसतं. मी दर महिन्याला पाहते, तुमच्या आईचंही. आधारचा अंगठा कुलूपबंद करून ठेवता येतो, तो मी ठेवला आहे.

आणि धाकट्या, त्या दादाला उलट जय भीम म्हण. त्याच्याकडे चहाही पी. पासपोर्ट देऊ नकोस, सिम दुकानात स्वतः जाऊन घे. आणि त्याला विचार, तुझ्या सख्ख्या भावासाठी तू असाच कागद भरलास का? उत्तरापेक्षा तो थांबतो किती, ते बघ.

मागच्या पौर्णिमेला मी त्या गावी गेले होते. बाई आता रेशनलाही अंगठा देत नाही, सून देते. त्या मुलाची आई विहारात दाराशी बसते. पुढे ये असं तिला कोणी म्हणत नाही. बाई पांढरं लुगडं नेसून आली आणि दाराशी तिच्या शेजारी बसली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. वंदना सोबत म्हटली. गावातल्या बायका सांगतात, दर पौर्णिमेला असंच असतं. तेवढं अजून आहे.