ताटासमोर उपाशी

तिसऱ्या दिवशीही अंकुश ताटासमोर येऊन बसला आणि जेवला नाही. त्या दिवशी कढी-गोळे होते. कढी-गोळ्यांच्या दिवशी माझ्या मेसमध्ये बसायला जागा नसते. हा मात्र हात मांडीवर ठेवून बसलेला, आणि त्याचे चार मित्र त्याच्याकडे बघत बघत दुसऱ्यांदा कढी मागून घेताहेत.

अमरावतीत माझी मेस आहे. वर अभ्यासिका, खाली मी. खेड्यापाड्यांतली मुलं-मुली वर दिवसभर बसून सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करतात आणि दोन वेळा माझ्याकडे जेवतात. ज्याला जेवायचं नाही त्यानं आदल्या दिवशी सांगायचं. त्याला आम्ही खाडा म्हणतो. खाडा सांगितला की त्याच्या पोळ्या लाटत नाही. अंकुशनं खाडा सांगितला नव्हता. जेवायचं नव्हतं, पण सगळ्यांसमोर येऊन बसायचं होतं. मला तिथेच कळायला पाहिजे होतं. कळलं नाही.

मी त्याच्या मित्रांना विचारलं. बडनेऱ्याचा गोलू म्हणाला, "काकू, प्रणालीनं त्याले नाही म्हटलं. ती हो म्हणत नाही तोवर हा जेवत नाही."

हे त्यानं असं सांगितलं, जसं काही अंकुशला शौर्यपदक मिळालं आहे.

प्रणाली अकोल्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. घरून एक वर्ष मागून आली होती. वर्षात पोलीस भरती झाली तर ठीक, नाही तर लग्न. पहाटे ग्राउंडवर धावायची, मग कोपऱ्यातल्या टेबलावर पुस्तक उघडं ठेवून जेवायची. अंकुश पातूरचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरचा. हुशार, नम्र, स्वतःचं ताट स्वतः उचलणारा. मला तो आवडायचा. त्यामुळेच पुढे माझं डोकं फिरलं.

नेमकं त्याच आठवड्यात अभ्यासिकेच्या सरांनी मुलांसाठी एक लेक्चर ठेवलं होतं. निरोगी नातेसंबंध, असा विषय. एक मॅडम प्रोजेक्टर घेऊन आल्या. मी मागे लसूण सोलत ऐकत होते. मी चौथी शिकलेली, पण मॅडम काय सांगत होत्या ते सगळं समजलं. समोरचा नाही म्हणाला तर नाही. पुन्हापुन्हा विचारू नये. रडून, धमकावून, जिवाचं बरंवाईट करीन म्हणून कोणाकडून होकार घेऊ नये. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. अंकुशनंही लिहिलं, खाली रेघ मारली. गोलूनं विचारलं की हे परीक्षेत कोणत्या पेपरला येते. संध्याकाळी अंकुश पुन्हा ताटासमोर उपाशी.

चौथ्या दिवशी त्याला चक्कर आली. दवाखान्यात नेलं, सलाईन लागली. मित्रांनी सलाईनच्या बाटलीचा फोटो स्टेटसला टाकला. मग सगळे प्रणालीच्या मागे. मुलीसुद्धा. एकदा बोल तरी त्याच्याशी, इतकी कशी तू कठोर. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की माणुसकी म्हणून भेटून ये. हे तेच सर, ज्यांनी लेक्चर ठेवलं होतं.

आणि मी काय केलं? मी साधं वरण आणि मऊ भात डब्यात भरला आणि प्रणालीच्या हातात दिला. म्हटलं, "बाई, तू नेऊन दे. तुह्या हातचं खाईल तो. मंग काय नाही म्हणायचं ते म्हण."

तिनं डब्याकडे बघितलं. "काकू, तुमी बी?"

मी म्हटलं, पोरगं उपाशी आहे.

"आज मी डबा नेला तर आज जेवन तो," ती म्हणाली. "उद्या आणखी कायच्यासाठी उपाशी बसन?"

डबा टेबलावर ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या रूममधली मुलगी निरोप घेऊन आली. प्रणालीचा खाडा, कायमचा. ती बॅग भरून राहिली, संध्याकाळच्या बसनं अकोल्याला जाते. गोलूनं तिला सांगितलं होतं की आता तुझ्या भावालाच फोन करतो. भावाच्या कानावर असलं काही गेलं असतं तर त्यानं कोण उपाशी आणि कोणामुळे हे विचारलंही नसतं, येऊन घेऊन गेला असता. त्यापेक्षा आपणच गेलेलं बरं, असं तिनं ठरवलं. भरती दीड महिन्यावर होती.

मला माझाच राग आला. जेवत नव्हता अंकुश. मग मी डबा घेऊन प्रणालीकडे कावून गेले? सगळे तिच्याकडेच का गेले? कारण सरळ आहे. ती ऐकून घेईल असं वाटलं. त्याला सांगायला जायची कोणाची तयारी नव्हती.

दुपारी अंकुश आला. हाताला सलाईनची पट्टी, बाजूला मित्र. ताट वाढलेलं होतं. मी जाऊन ते उचललं.

"काकू?"

"जेवायचं नसन तर खाडा सांग. माह्या पोळ्या वाया जाऊन राहिल्या."

तो म्हणाला, "काकू, माझं खरं प्रेम आहे तिच्यावर."

"असू दे ना बाप्पा. तिचं नाही."

ही एवढी गोष्ट चार दिवसांत त्याला कोणी मोठ्यानं सांगितली नव्हती.

मग मी गोलूकडे वळले. म्हटलं, तिच्या भावाला खुशाल फोन कर. पण माझ्या रजिस्टरमध्ये तुमच्या सगळ्यांच्या घरचे नंबर आहेत, मी पहिला फोन तुझ्या आईला लावते. गोलूनं मोबाईल खिशात घातला.

आवाज ऐकून सर खाली आले. "काकू, त्याला काही झालं तर?"

"तर दवाखान्यात न्या. सलाईन लावा. पोरगी लावू नका."

अंकुशला सांगितलं, भरती होईपर्यंत तू दुसरी मेस बघ. मी का जाऊ, म्हणाला. म्हटलं, तुले भूक नाही म्हणून. तो उठला, चारही मित्र उठले. पाच ताटं एका दुपारी गेली.

मी प्रणालीच्या रूमवर गेले. चुकलं माझं, म्हटलं. तिनं बॅगेतून मान वर केली नाही. तो खाली आहे का, विचारलं. गेला म्हटल्यावर तिनं स्पोर्ट शूज बॅगेतून बाहेर काढले.

अंकुश त्याच संध्याकाळी चौकातल्या मेसमध्ये पोटभर जेवला. तिथं प्रणाली नव्हती.

प्रणाली भरती झाली. पेढे घेऊन आली, चार पोळ्या खाऊन गेली. अभ्यासिकेच्या ग्रुपवर तिच्या अभिनंदनाखाली कोणीतरी लिहिलं की एकाचं मन मोडून मोठी झाली. त्याला चौदा अंगठे आले. मी मोजले.

सर म्हणाले, पुढच्या वर्षी ते लेक्चर पुन्हा ठेवू, पोरांना गरज आहे. मी म्हटलं, ठेवा. पण पहिल्या रांगेत तुम्ही बसा, बाजूला मी बसते. त्या पोरीला समजवायला गेलेल्यांत वयानं सगळ्यात मोठे आपण दोघंच होतो.